परवापर्यंत रात्रभर झोपत होतं, मग आता काय झालं?

या वेळच्या बहुतेक पत्रांची सुरुवात एकसारखी आहे: ‘मध्ये चांगलं झोपायला लागलं होतं, आता पुन्हा सुरू झालं.’ बाळं चार महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंतची आहेत. रात्रीचं दुखणं बहुतेक वेळा दिवसात सापडतं, म्हणून उत्तरांत दिवसाबद्दलच जास्त लिहिलं आहे. एक गोष्ट मात्र आधी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. कोणत्याही वयाच्या बाळाला हिरवी उलटी झाली, आठ तासांत शू झाली नाही, डोक्यावरची टाळू फुगलेली दिसली किंवा ते पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळत असेल, तरीही तेच. पुढचं वाचन नंतर.

प्रश्न : मुलगा सव्वाचार महिन्यांचा आहे. रात्री दहा ते चार सलग झोपायचा, आता दर तासा-दीड तासाने उठतो. अंगावर घेतलं की लगेच झोपतो. माझं दूध कमी झालंय का? डब्याचं दूध सुरू करू का? (भांडुप)

दूध कमी झालं असतं तर ते आधी लंगोटात आणि वजनात दिसलं असतं. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू होते आहे आणि लसीकरणाच्या कार्डावरची वजनाची रेघ वर चढते आहे? मग डबा नको, पाणी नको, ग्राइप वॉटरही नको.

झालंय ते असं. पहिले तीन महिने बाळाची झोप दोनच प्रकारची असते, एक चुळबुळती आणि एक शांत. चौथ्या महिन्याच्या आसपास तिच्यात मोठ्यांसारखे हलके-गाढ टप्पे पडतात आणि पाऊण ते एक तासाचं एकेक आवर्तन सुरू होतं. प्रत्येक आवर्तन संपताना बाळ क्षणभर वर येतं. मोठी माणसंही येतात, कूस बदलतात आणि सकाळी त्यांना आठवतही नाही. तुमचं बाळ वर येतं तेव्हा त्याला दिसतं की झोप लागताना जे तोंडात होतं ते आता नाही. मग ते तेच मागतं. भूक आणि सवय दोन्हींचं रडणं सारखंच ऐकू येतं, आणि अंगावर घेतल्याने दोन्ही थांबतं, म्हणून घोटाळा होतो.

हा बदल कायमचा आहे, त्यामुळे ‘दोन आठवड्यांत जाईल’ या आश्वासनावर फार विसंबू नका. सुरुवात रात्रीच्या फक्त पहिल्या झोपेपासून करा. शेवटचं दूध झोपेच्या वीसेक मिनिटं आधी, दिवा चालू असताना पाजा. मग लंगोट बदलणं, अंधार, अंगाईचं एकच कडवं, आणि डोळे जड झाले असतील पण मिटले नसतील तेव्हा पाठीवर खाली ठेवा. हात छातीवर राहू द्या, हलकं थोपटा. रडू वाढलं तर उचला, शांत करा, पुन्हा ठेवा. दोन-तीनदा जमलं नाही तर त्या रात्री अंगावरच झोपवा आणि उद्या पुन्हा बघा. या वयात रात्री दोन-तीनदा दूध लागणं साधं आहे, ते बंद करायचं नाही.

दिवसा दोन तासांपेक्षा जास्त सलग जागं ठेवू नका. ‘दिवसा दमवलं की रात्री झोपेल’ हे गणित बाळांना लागू पडत नाही. अतिदमलेलं बाळ जास्त वेळा उठतं. रात्री कण्हण्याचा आवाज आला की लगेच उचलू नका, एक-दोन मिनिटं थांबा. कित्येकदा ते झोपेतच असतं आणि आपणच उठवतो. अजून दुपट्यात गुंडाळत असाल तर बाळ कुशीवर वळण्याची चिन्हं दिसताच ते बंद करा.

प्रश्न : २६ आठवड्यांची रजा संपली, गेल्या महिन्यात ऑफिस सुरू झालं. सकाळी साडेसातला निघते, घरी पोहोचायला सात होतात. मुलगी साडेसहा महिन्यांची. दिवसभर आजीकडे जेमतेम ६० मिली दूध दोनदा पिते आणि रात्री सहा-सात वेळा अंगावर. (डोंबिवली)

तिने पाळी बदलली आहे. दिवसाचं दूध ती रात्री वसूल करते आहे. या वयात अंगावर पिणारी बाळं दिवसभरात साधारण ६०० ते ८०० मिली दूध घेतात. साडेअकरा तासांत १२० मिली गेलं, तर उरलेलं कुठून तरी यायलाच हवं. अशा वेळी रात्रीचं दूध तोडायला गेलात तर ती उपाशी राहील आणि तुम्ही दोघीही रडाल. आधी दिवस भरा.

तुम्ही नसताना ९० ते १२० मिलीचे तीन वेळचे वाटे हवेत. बाटली नको म्हणत असेल तर वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा. आईचा वास नसेल तर उत्तम, म्हणजे आजीनेच पाजावं, तुम्ही घरात असताना तालीम नको. फ्रिजमधलं दूध वर सायीसारखं जमतं, ते नासलेलं नसतं. कोमट पाण्याच्या भांड्यात धरून हलकेच फिरवा. उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. बऱ्याच बाळांना थंडगार किंवा जेमतेम कोमट दूध नको असतं, एवढ्याशा कारणानेही पिणं अडतं.

ऑफिसमध्ये दोन-तीनदा दूध काढा. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ते चार तास टिकतं, पण मुंबईच्या मे-ऑक्टोबरच्या उकाड्यात हा हिशेब धरू नका. काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, आणि येताना बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत. घरच्या फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, पण दारातल्या कप्प्यात ठेवू नका, आत मागे ठेवा. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोन सुट्ट्या मिळणं हा कायद्याने हक्क आहे आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणंही मालकावर बंधनकारक आहे. मागायला संकोच करू नका.

आता खाणं. डाळीचं पाणी आणि भाताची पेज यांनी पोट फुगतं, भरत नाही. चमचा तिरपा केला तर घास घसरू नये, इतकं घट्ट हवं: मऊ मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं रताळं, वर अर्धा चमचा तूप. दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत वाढवत न्या. ‘रात्री जड खाऊ घातलं की झोपते’ हे मात्र खरं नाही.

सगळ्यात मोठी गडबड संध्याकाळी होते. आई येईल तेव्हा जागी राहावी म्हणून आजी सहाला झोपवते, बाळ आठला उठतं आणि अकरापर्यंत खेळतं. सगळ्यांना गोड वाटतं, रात्री दोनला कोणालाच नाही. दिवसाची शेवटची झोप पाचच्या आत संपू द्या. तुम्ही सातला आलात की हातपाय धुऊन लगेच अंगावर घ्या, पावणेनऊ-नऊला झोप.

चार-पाच दिवस दिवसाचं पिणं वाढलेलं दिसलं की रात्रीकडे वळा. दोन वेळचं दूध ठेवा, समजा बाराच्या आसपास आणि चारला. बाकी वेळी बाबाने उठायचं, थोपटायचं. तरीही अंगावर द्यावं लागलं तर वेळ मोजा आणि दर दुसऱ्या रात्री दोन मिनिटं कमी करा: दहा, आठ, सहा, चार. चारवर आलं की ती फेरी आपोआप गळते.

प्रश्न : सासूबाई म्हणतात गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त दे, मधात चाटव, रात्रभर उठणार नाही. आमच्या घरी सगळी मुलं यावरच वाढली. (लालबाग)

देऊ नका. जायफळाने येणारी गुंगी ही झोप नसते, ते विषाचं पहिलं लक्षण असतं. सहाणेवरच्या वेढ्यात किती गेलं हे कोणालाच मोजता येत नाही, आणि जायफळागणिक जोर वेगळा. मध एक वर्षाच्या आत बोटभरही नाही. त्यातले जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजतात आणि स्नायू लुळे पडतात.

गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या बायका बाळांना ‘बाळागोळी’ देत. तिच्यात अफू असे. तीही मुलं रात्रभर उठत नसत. आजची बाळागोळी म्हणजे सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं औषध. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे.

सासूबाईंना दुसरं काम द्या, खरंच उपयोगाचं. रोज रात्री एकाच वेळी खोबरेल तेलाने मालीश, कोमट पाण्याने अंग पुसणं आणि त्यांचीच अंगाई. नाका-कानात तेल नको, धुरी नको, मच्छरांची कॉइलही नको, मच्छरदाणी लावा.

प्रश्न : नऊ महिन्यांचा मुलगा रात्री उठून पाळण्याचा कठडा धरून उभा राहतो आणि रडतो. मी दिसले नाही की आणखी जोरात. वन रूम किचनमध्ये पाच माणसं, सासऱ्यांची सकाळची ड्युटी. रडू द्या असं सगळे सांगतात, पण रडवायचं तरी कुठे? (कुर्ला)

दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. उभं राहायला तो शिकला, बसायला अजून शिकला नाही, त्यामुळे रात्री तिथे अडकतो. आणि समोर नसलेलं माणूस कुठेतरी असतं, हे त्याला नुकतंच कळलंय, पण ते परत येतं याची खात्री नाही.

दोन्हींचा इलाज दिवसा. दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं खुर्चीला धरून उभं करा आणि खाली खेळणं ठेवून गुडघे वाकवून बसायला शिकवा. आठवड्यात जमतं. ओढणीआड लपून ‘भोऽऽ’ करायचा खेळ भरपूर खेळा. कुठे जाताना गुपचूप सटकू नका. ‘आई भाजी आणायला चालली’ म्हणून टाटा करा, रडला तरी.

झोपेची वेळ मोजा. चार महिने ते एक वर्ष या वयात दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते. दिवसा दोन झोपा, साधारण साडेनऊला आणि दोनला. तिसरी संध्याकाळची झोप अजून चालू असेल तर ती काढा, रात्रीचे अर्धे जागरण तिथेच असू शकतं.

कठड्यावर चढण्याइतका तो उंच झाला असेल तर पाळणा सोडा. जमिनीवर घट्ट, पातळ गादी, भिंतीला फट न ठेवता टेकलेली किंवा भिंतीपासून चांगली लांब, उशी नाही, राईचीही नाही, जड पांघरूण नाही. दोन मोठ्यांच्या मधोमध नको. एसी असेल तर २४ ते २६ अंश, पंखा असेल तर मध्यम. मानेमागे हात लावून बघा, घामेजली असेल तर एक कपडा कमी. पंख्याचा घरघराट उपयोगीच पडतो. वेगळं यंत्र घेतलंत तर बाळापासून दोन मीटर लांब आणि बारीक आवाजात.

आता रडण्याचं. तुमच्या घरात दार लावून निघून जाणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. रात्री तो उभा राहिला की एकदाच आडवा करा, पाठीवर हात, एकच वाक्य: ‘झोप आता, आई इथेच आहे.’ गप्पा नाहीत, मोबाइलचा उजेड नाही, उचलून फेऱ्या नाहीत. पहिल्या तीन रात्री हात त्याच्यावर. पुढच्या तीन, हात गादीवर. त्यापुढच्या तीन, हातभर लांब बसून फक्त आवाज. मग स्वयंपाकघराच्या दाराशी. सुरुवात शुक्रवारी रात्री करा, सासऱ्यांचं अंथरूण तेवढे दिवस स्वयंपाकघरात घाला, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. लस घेतलेले दिवस, ताप, गावाला जाणं, हे टाळून तारीख ठरवा.

चौथ्या रात्री घरातलं कोणीतरी द्रवतं आणि दोन वाजता पोरगं उचलून फिरवतं. तिथेच सगळं बिघडतं, कारण चाळीस मिनिटं रडलं की फेरी मिळते एवढं तो शिकतो. थांबवायचं असेल तर सरळ थांबवा, महिन्याने पुन्हा करा. थोडं रडल्याने मनावर परिणाम होईल ही भीती बोलून दाखवली जाते. मेलबर्नमधल्या एका अभ्यासात अशा हळूहळू सवय लावलेल्या मुलांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं. वागणूक, भावना, आईशी नातं, कशातच फरक सापडला नाही. तो निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

प्रश्न : दात येतायत म्हणून रोज रात्री पॅरासिटामॉल देतोय. पाच मिली बरोबर आहे ना? (विरार)

बाटलीवर काय लिहिलंय त्यावर आहे. डोस वजनावर: किलोला १५ मिलिग्रॅम. ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर पाच मिली बरोबर. पण १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर फक्त १.२ मिली, आणि पाच मिली म्हणजे चौपटीहून जास्त. बाटली आत्ताच बघा. थेंब पाच मिली देत असाल तर आजच डॉक्टरांना दाखवा, बाटली सोबत न्या. दोन डोसांत सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही, आणि रोज रात्री तर नाहीच.

दात हिरडी फोडतो तेव्हा चार-पाच दिवस चिडचिड होते. महिनाभर रोज रात्री दात दुखत नाही. आडवं केलं की रडतं, उचललं की थांबतं, सर्दी आहे, कान ओढतं? कान तपासून घ्या. हिरडीवर बधिर करणारी जेल नको. फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं फडकं चावायला द्या.

प्रश्न : सव्वा वर्षाची मुलगी झोपेत पाय झाडते, कुशी बदलते, दोनदा उठून बाटलीभर दूध पिते. (ठाणे)

आधी झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून शौचाच्या जागी बघा. दोऱ्यासारखे पांढरे, बारीक जंत दिसले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळ्या घराला औषध, दोन आठवड्यांनी पुन्हा, नखं कापा, चादरी गरम पाण्याने धुवा.

जंत नसतील तर लोह तपासा. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त गाई-म्हशीचं दूध जात असेल तर जेवणाची भूक मरते, लोह कमी पडतं आणि झोप अस्वस्थ होते. रात्रीच्या बाटलीत दर दोन दिवसांनी ३० मिली कमी करा. अंगणवाडी किंवा आशाताईंकडे मिळणारं लोहाचं सिरप सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं असतं. मिळत नसेल तर मागून घ्या.

प्रश्न : बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. कधी त्याचा इतका राग येतो की भीती वाटते, मग रडू येतं. (पत्ता दिलेला नाही)

थकव्याने माणूस मिळेल तिथे झोपतो. संधी मिळूनही झोप येत नाही, हे प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं लक्षण असू शकतं. ते बरं होतं, आणि अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही असतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीत.

राग अनावर झाला की बाळाला जमिनीवरच्या गादीवर पाठीवर ठेवा आणि दुसऱ्या खोलीत किंवा गॅलरीत जा. पाच मिनिटं रडल्याने त्याला काही होत नाही, जोरात हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्याला किंवा स्वतःला इजा करावी असं मनात येत असेल तर घरातल्या कोणाला तरी लगेच उठवा, एकटीने बाळाजवळ थांबू नका, त्याच रात्री रुग्णालयात जा. आणि उद्यापासून रात्री नऊ ते दोन बाळ दुसऱ्या कोणाकडे तरी, काढलेलं दूध वाटीत, तुमचं अंथरूण दुसरीकडे. सलग पाच तास हवेत. तुकड्या-तुकड्यांची बेरीज चालत नाही.