स्टीअरिंगची ढिलाई नेमकी कुठे?

प्रश्न : माझ्याकडे बरीच वर्षे वापरात असलेला पिकअप ट्रक आहे. पुढच्या प्रत्येक चाकाला वर आणि खाली असे दोन सस्पेन्शन आर्म असून कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली आहे. सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग सतत डावी-उजवीकडे सांभाळावे लागते, मधोमध असताना ते बरेच अंतर रिकामेच फिरते आणि पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजले आहेत. एका मेकॅनिकने बाहेरचे दोन टाय रॉड एंड बदलले. पण फारसा फरक पडला नाही. आता तो स्टीअरिंग बॉक्सच बदलायला सांगतो. हा खर्च करावा का, आणि यातले कोणते काम घरी करता येईल?

उत्तर : स्टीअरिंग बॉक्स हा या साखळीतला सर्वांत महाग भाग असतो आणि बहुतेक वेळा दोष त्याच्याकडे सर्वांत शेवटी जातो. जुन्या पिकअपमध्ये चालकाच्या हातापासून चाकापर्यंत सात-आठ सांधे असतात : स्टीअरिंगच्या दांड्याचा कपलिंग, बॉक्स, त्यातून खाली येणारा ड्रॉप आर्म, दोन्ही बाजूंना जोडणारी मधली लिंक, तिला दुसऱ्या टोकाला आधार देणारा आयडलर आर्म, आतले आणि बाहेरचे टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याची सांध्याची टोके), आणि शेवटी चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो लोखंडी भाग, ज्यांच्यावर फिरतो ते वरचे-खालचे बॉल जॉइंट. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई असली, तरी त्यांची बेरीज स्टीअरिंगच्या कडेवर दोन बोटांची होते. आपल्या मेकॅनिकने यातले दोनच सांधे नवे केले, आणि तेही बहुधा कोणता सांधा ढिला आहे हे न पाहता.

तपासणी घरी होऊ शकते आणि ती आधी व्हावी. ट्रक सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळ्यांची ओट लावावी आणि एका माणसाला आत बसवून स्टीअरिंग फक्त ढिलाईपुरते, म्हणजे चाक वळू लागेल इतकेच, इकडून तिकडे हलवायला सांगावे. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे लागते. तेव्हा पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवावेत. आपण खाली पाहत एकेका सांध्यावर बोट असे ठेवावे की ते दोन्ही भागांना एकाच वेळी टेकेल. एक भाग हलला आणि दुसरा मागे राहिला, तर डोळ्याला दिसण्याआधी ते बोटाला कळते. बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरतो आहे पण ड्रॉप आर्म हलत नाही, असे दिसले तरच बॉक्सचा विचार करावा. तेव्हाही बॉक्स चासीला धरणारे बोल्ट सैल झालेले नाहीत आणि तिथे चासीला तडा गेलेला नाही, हे आधी पाहावे. आयडलर आर्म हाताने वर-खाली दाबून पाहावा. तो वर-खाली डुलत असेल, तर मधली लिंक खड्ड्यागणिक तिरकी होते आणि चाकांची दिशा आपोआप बदलते. जुन्या पिकअपच्या ‘भटकण्या’मागे मला हाच भाग सर्वाधिक वेळा सापडला आहे, आणि सर्वाधिक दुर्लक्षही त्याच्याकडेच होते.

बॉल जॉइंट मात्र चाक उचलूनच तपासावे लागतात, आणि जॅक कुठे लावला यावर सगळे अवलंबून असते. आपल्या ट्रकात स्प्रिंग खालच्या आर्मवर असल्यामुळे पुढचा भार खालचा बॉल जॉइंट वाहतो. जॅक चासीखाली लावला, तर आर्म खाली लोंबतो, पण स्प्रिंग त्याला ढकलतच राहते. सांधा ताणलेलाच राहतो आणि पूर्ण झिजलेला बॉल जॉइंटही घट्ट भासतो. म्हणून जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तितका चाकाजवळ लावावा. मग स्प्रिंगचा जोर जॅकवर येतो आणि सांधा मोकळा होतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असलेल्या गाड्यांत भार वरच्या बॉल जॉइंटवर असतो आणि तिथे जॅक चासीखाली लावतात. यानंतर टायर वर-खाली धरून हलवल्यावर बॉल जॉइंट किंवा हबचे बेअरिंग बोलते. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर टाय रॉडची बाजू बोलते. बेअरिंग की बॉल जॉइंट, हे ठरवायला आतल्या माणसाने ब्रेक दाबावा : ढिलाई नाहीशी झाली, तर दोष बेअरिंगचा.

आतल्या कडेची झीज बहुतेकदा दोन्ही चाके पुढून किंचित बाहेर उघडल्याची खूण असते. चाक उभ्या रेषेतून आत झुकले असले तरी तीच कड झिजते. टायरवरून हात आडवा फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर दोष चाकांच्या दिशेचाच समजावा. टाय रॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणे, केलेले नसेल, तर झिजेचे कारण तेच असू शकते.

आता बदलण्याविषयी. टाय रॉड एंड आणि आयडलर आर्म बेताच्या हत्यारांनी घरी बदलता येतात. जुना टाय रॉड एंड काढण्यापूर्वी त्याच्या मध्यापासून तो ज्या नळीत आट्यांनी बसतो तिथपर्यंतचे अंतर मोजून लिहावे आणि काढताना फेरे मोजावेत. नळीच्या एका टोकाला आटे उलटे असतात, हे विसरल्याने अनेकांनी पाना तोडला आहे. टाय रॉड एंडचा निमुळता खांब आपल्या भोकातून सुटत नसेल, तर पुलर लावून ताण द्यावा आणि ज्या डोळ्यात (भोकाच्या कड्यात) तो बसला आहे त्या डोळ्याच्या कडेवर हातोड्याचा एक नेटका ठोका द्यावा. ‘टक्’ असा आवाज होऊन तो सुटतो. खांबाच्या टोकावर ठोकू नये, कारण आटे चेपतात आणि काम दुप्पट होते. पाचरीसारखे दुबेळके हत्यार रबरी टोपी फाडते. सांधा पुन्हा वापरायचा असेल, तर ते टाळावे.

खालच्या बॉल जॉइंटचे काम मात्र, पूर्वी हाताने केलेले नसेल तर, गॅरेजवरच सोपवावे असे माझे स्पष्ट मत आहे. नट निघाला की नकल आणि आर्म यांना एकत्र धरणारे काही उरत नाही आणि दाबलेली स्प्रिंग आर्मला झटक्यात खाली फेकू शकते. जाणकार कारागीरही आर्मखाली जॅक ठेवतो, चासी घोडीवर टेकवतो आणि खांब सुटेपर्यंत नट दोन-तीन आट्यांवर तसाच राहू देतो.

क्रमही महत्त्वाचा आहे : आधी आर्मचे रबरी बुश आणि बॉल जॉइंट, मग आयडलर आर्म आणि टाय रॉड, शेवटी अलाइनमेंट. अलाइनमेंटमध्येही चाकाचे पुढे-मागे आणि आत-बाहेर झुकणे आधी बसवून घेतात आणि दोन चाकांच्या पुढील व मागील अंतरातला फरक सर्वांत शेवटी, कारण आधीच्या दोन्ही बदलांनी तो सरकतो. बॉक्सवरचा ढिलाईचा स्क्रू आवळून प्रश्न मिटवण्याचा सल्ला मिळेल, तो आत्ता मानू नये. तो जास्त आवळला की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि आतले दाते झिजतात.

प्रश्न : नवा बॉल जॉइंट बसवून नट सांगितलेल्या जोराने आवळला, पण नटाची खाच कॉटर पिनच्या भोकासमोर येत नाही. थोडा सैल करून पिन घालावी का?

उत्तर : नट कधीही सैल करू नये, पुढची खाच येईपर्यंत आणखी आवळावा. निमुळता खांब भोकात घट्ट रुतलेला राहणे हेच त्या जोडाचे बळ आहे, पिन ही केवळ नट फिरू न देण्यासाठी असते. सैल राहिलेला खांब भोकात हलतो आणि भोक मोठे करतो. मग नकलच बदलावा लागतो. बसवण्यापूर्वी खांब आणि भोक दोन्ही कोरडे पुसावेत, तिथे ग्रीस लावू नये. आवळताना खांबच फिरत असेल, तर जॅकने किंवा पहारीने सांध्यावर दाब द्यावा. जुनी पिन पुन्हा वापरू नये.

प्रश्न : सस्पेन्शन आर्मचे रबरी बुश नवे टाकले, तरी काही महिन्यांतच फाटले. माल खराब होता का?

उत्तर : बोल्ट आवळताना आर्म लोंबत होता का, हे आधी आठवून पाहावे. अशा बुशची आतली नळी बोल्टने जखडली जाते, बाहेरची आर्मबरोबर हलते आणि मधले रबर पिळले जाते. आर्म हवेत असताना बोल्ट आवळला, तर ट्रक खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते प्रत्येक खड्ड्याला आणखी ताणले जाते. बोल्ट आधी हलकेच लावावेत, ट्रक चाकांवर उतरवावा, पुढचा भाग दोन-चार वेळा दाबून सोडावा आणि मगच बोल्ट पूर्ण आवळावेत.