मुलगा बायकी वागतो, काय करू?

"आमचा मुलगा जरा बायकी वागतो, पुढे जाऊन गे वगैरे तर होणार नाही ना?" हा प्रश्न इतके पालक विचारतात, आणि विचारताना आवाज इतका खाली जातो, की आज एका केसबद्दल लिहितेच. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आई, बाबा आणि 14 वर्षांचा मुलगा. तक्रार बाबांची, हातवारे करत बोलतो, मित्रांपेक्षा मैत्रिणी जास्त, शाळेत पोरं चिडवतात. हे सगळं चालू असताना मुलगा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला. बोलायला लागला की एक हात आपोआप बाहेर यायचा, मग नजर बाबांकडे, की हात परत आत.

नंतर एकटा भेटला तेव्हा त्याने मला सगळे नियमच सांगितले. नखं बघायची तर बोटं मिटून बघायची, हसताना तोंडावर हात न्यायचा नाही, दप्तर छातीशी धरायचं नाही. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणे कुणीच नाही, चुकलं की पोरं हसतात, मग कळतं.

कॅन्डेस वेस्ट आणि डॉन झिमरमन या समाजशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये हेच मांडलं होतं, की पुरुषपण किंवा बाईपण ही नुसती आतली गोष्ट नाही, आपण ते रोज चारचौघांत करून दाखवत असतो आणि चारचौघं मार्क देत बसलेले असतात. या पोराला ते न वाचताच पाठ होतं, आणि त्यात त्याची किती शक्ती जात होती ते मला समोर दिसत होतं.

बाबांना मी एकच काम दिलं, आठवडाभर मुलाला जे जे टोकाल ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं. नीट बस. आवाज जाड कर. असा काय चालतोस. पोरीसारखा रडू नको. अभ्यास, झोप, तब्येत यातलं एकही वाक्य नव्हतं त्यात, आणि हे त्यांच्याच लक्षात आलं.

मग मी मुलीबद्दल विचारलं, कारण त्यांना धाकटी मुलगी आहे. ती झाडावर चढते, मारामारी करते, आणि बाबा सगळ्यांना कौतुकाने सांगतात, आमची पोरगी म्हणजे मुलगाच. म्हणजे मुलगी मुलासारखी वागली तर बढती आणि मुलगा मुलीसारखा वागला तर लाज? समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी पुरुषत्वांमधल्या उतरंडीवर बरंच लिहिलंय, वरच्या आदर्शात फार थोडे पुरुष बसतात पण मोजमाप मात्र सगळ्यांचं त्याच्याशीच होतं. हे मी सांगत होते तेवढ्यात आई, जी तोवर गप्प होती, म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखं असणं इतकं वाईट आहे का हो?" बाबांना उत्तर देता आलं नाही.

आता मूळ प्रश्न. वागण्याची ढब आणि कुणाबद्दल आकर्षण वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाजूक वागणारी काही मुलं पुढे गे असतात, बरीच नसतात, आणि एकदम रांगडे दिसणारे कितीतरी पुरुष गे असतात. हात दाबून ठेवल्याने आकर्षण बदलत नाही. आणि असला गे तरी तो आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्यामुळे "बरं करतो" म्हणणाऱ्या कुणाकडेही मुलाला नेऊ नका, प्लीज, त्यातून फक्त नुकसान होतं.

"मग कळणार कधी?" बाबांनी विचारलंच. मी म्हटलं, त्याला कळेल तेव्हा, आणि त्याला सांगावंसं वाटलं तर तो तुम्हाला सांगेल, ते सांगता येईल असं घर ठेवणं तेवढं तुमच्या हातात आहे. अर्जंट आहे ते शाळेतलं चिडवणं. त्यासाठी आधी मुलाला विचारून वर्गशिक्षकांना भेटा, काय घडलं ते तारखेसकट लिहून न्या, आणि घरी आल्यावर "तूच जरा नीट वागला असतास तर" हे वाक्य अजिबात नको.