पेटी माळ्यावरून खाली काढा

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. आम्ही नागपुरात बजाजनगरला राहतो. माझा मुलगा सातवीत आहे, दुसरीपासून तबला शिकतो. प्रवेशिका पूर्णपर्यंत प्रत्येक परीक्षेत पहिली श्रेणी. या मे महिन्यात मध्यमा प्रथमच्या प्रात्यक्षिकात मात्र अडला. तीनतालाचा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, दोनदा सुरू केला, दोन्ही वेळा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडली नाही, मग हात मांडीवर ठेवून बसून राहिला. नापास झाला. तेव्हापासून तबल्यावरची गवसणी काढलेली नाही. शाळेच्या वाद्यवृंदात ढोलकीसाठी बाईंनी नाव घेतलं, तर घरी येऊन रडला.

मी काय कमी केलं, सांगा. ४५ डिग्रीत स्कूटीवर बसवून धरमपेठला क्लासला नेलं, क्लास संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसले. रोजच्या रियाजाचं रेकॉर्डिंग करून त्याला त्याच्या चुका दाखवल्या. थिअरी पाठ करून घेतली. पैसे भरून लेहऱ्याचं, म्हणजे तबल्याखाली सतत वाजणाऱ्या चालीचं, ॲप घेतलं (घरी माझी माहेरची बाजाची पेटी आहे, पण ती माळ्यावर आहे आणि आता मोबाईलवर सगळं मिळतं). त्याचे बाबा म्हणतात, 'कशाला पोराच्या मागे लागून राहिली, सोडून दे.' पण दहावीला कलेचे वाढीव गुण असतात, ते जातील. नोव्हेंबरच्या सत्रात पुन्हा बसवू, सर बदलू, की बंदच करू?"

बाई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. माझं सगळं उत्तर त्या कंसाबद्दल आहे.

माहेरची पेटी सासरी उगाच येत नाही. भांडी येतात, साड्या येतात, त्यांच्याबरोबर एवढं जड धूड कोणी आणलं असेल, तर तिला त्यावर वाजवायचं होतं म्हणूनच. तुम्ही किती शिकलात, कधी सोडलंत, का सोडलंत, यातलं एक अक्षर पत्रात नाही. मुलाच्या परीक्षा, श्रेणी, सत्रं सगळं ओळीने लिहिलंत, आणि घरात सूर कळणारी एक व्यक्ती आहे हे मात्र जाता जाता सांगितलंत, तेही पेटी का काढली नाही याचा खुलासा म्हणून.

आता तो परीक्षेत का अडला ते बघू, कारण ते याच कंसात दडलंय.

लेहऱ्याची ॲप मी पाहिली आहेत. सूर नीट लावलेला असतो, लय मिलिमीटरभर हलत नाही, आणि बहुतेकांत पडद्यावर मात्रेचा आकडा पळत असतो: एक, दोन, तीन, चार, सोळापर्यंत, पुन्हा एक. मुलं त्या आकड्याकडे बघून वाजवतात. कायद्याची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा शेवटचा तुकडा, संपते तेव्हा डोळ्यांना 'एक' दिसतो आणि सम आली असं वाटतं. कान त्यात कुठे नसतातच. लेहऱ्याची चाल कुठे वर जाते, समेवर कोणत्या स्वरावर येऊन टेकते, नवव्या मात्रेला, जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या 'खाली'ला, ती कशी वळते, हे त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं, कारण ऐकायची गरज पडत नाही. तुमचा मुलगा वर्षानुवर्षं असाच वाजवत असणार. परीक्षेच्या खोलीत पेटीवर कोणीतरी अनोळखी गृहस्थ बसले, लेहऱ्याची चाल वेगळी निघाली, लय घरच्यापेक्षा थोडी पुढेमागे झाली आणि पडदा कुठेच नव्हता. "धाधा तिट धाधा तिना" त्याला झोपेतही येत असेल. पण ते कुठून उचलायचं, हे त्याला फक्त डोळ्यांनी माहीत होतं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हुकलं. बोल विसरला म्हणून तो गप्प बसला नाही, ताई. पेटी ऐकू येत होती आणि ती काय सांगते आहे हे त्याला कळत नव्हतं. बारा वर्षांच्या पोराला हे किती भयंकर वाटलं असेल, याचा विचार करा आणि मग त्याला नोव्हेंबरबद्दल विचारा.

तबल्याचं एकलवादन ही दोघांची गोष्ट असते. एक जण सोळा मात्रांची तीच ती चाल सारंगीवर किंवा पेटीवर वाजवत राहतो, दुसरा त्यावर पेशकार, कायदे, रेले, तुकडे अशा रचना मांडतो. झाकिर हुसेन यांच्या एकलवादनात सुलतान खाँची सारंगी असायची. ते एकदा बघा, नुसतं ऐकू नका. झाकिरजींची मान कितीदा तिकडे वळते, तीनदा फिरून येणारा चक्रदार तुकडा समेवर आला की दोघं एकमेकांकडे बघून कसे खुलतात. तो समेचा आनंद दोघांत मिळून होतो. मोबाईलसमोर बसलेल्या मुलाला तो कधी मिळालेला नसतो, आणि ज्यात आनंदच मिळाला नाही ते एका नापासाने सुटलं, तर त्यात नवल काय?

तुम्ही विचारता, मी काय कमी केलं. तुम्ही त्याच्याबरोबर बसला नाहीत. पायरीवर बसलात, कॅमेऱ्यामागे बसलात, वहीपाशी बसलात. त्याच्या संगीतात तुम्ही सगळीकडे होतात, फक्त आत नव्हतात. रोजच्या रियाजाचं रेकॉर्डिंग दाखवून चुका काढायच्या म्हणजे त्या पोराची रोज घरातच परीक्षा चालू होती, आणि त्या परीक्षेत पहिली श्रेणी कधी मिळतच नव्हती. तुम्ही उन्हातान्हात हिंडलात हे मला दिसतं. त्याबद्दल मी तुमची पाठ थोपटणार नाही, कारण तेवढ्यावर तुम्ही स्वतःच स्वतःला पास करून घेतलंय.

म्हणून एकच गोष्ट करा. पेटी माळ्यावरून खाली काढा आणि मुलाला लेहरा द्या.

इतक्या वर्षांनी खाली काढाल तर भाता कुठेतरी गळत असणार, एखादी पट्टी दाबली की वर येणार नाही, एखादा स्वर नुसताच भुणभुणेल. दुरुस्त करणारा कोण चांगला, हे मुलाचे सर सांगतील. त्यांच्याकडूनच तीनतालाचा एखादा साधा लेहरा लिहून घ्या. चंद्रकौंसातला मागा. तो लेहऱ्यासाठी खूप वाजवला जातो, मुलाच्या कानावरून कधी ना कधी गेलेला असेल. पहिले काही दिवस तुम्ही एकट्याच वाजवा, त्याला बोलावू नका. डाव्या हाताला भात्याची सवय परत लागू द्या, बोटं अडखळू द्या. घरात ऐकू जाईल इतपत दार उघडं असू द्या, एवढंच.

मग एक दिवस त्याला सांगा की मला लय धरून ठेवता येत नाही, जरा ठेका धर. फक्त ठेका. कायदा नाही, तुकडा नाही. धा धिं धिं धा. तुम्ही सांगताय ते खरंच असेल, कारण नवशिका लेहरावाला हमखास लय वाढवतो, विशेषतः वरच्या स्वरांकडे जाताना. तो लगेच ओळखेल. "आई, पळू नको," म्हणेल. म्हणू द्या. इतकी वर्षं तुम्ही त्याला सांगत आलात, आता त्याने तुम्हाला सांगायची पाळी आहे, आणि लयीत तो तुमच्यापेक्षा नक्की पुढे आहे.

वाजवताना एक नियम मात्र कडक पाळा. तो चुकला तरी तुम्ही थांबायचं नाही. लेहरावाल्याचं कामच ते आहे. तबलजी हरवला, तरी चाल चालू ठेवायची, म्हणजे त्याला परत यायला जागा राहते. सम हुकली तर हुकली. पुढचं आवर्तन येतंच आहे, त्याच्या पुढचंही येणार आहे. तोंडाने "चुकलं" म्हणायचं नाही, भुवई उचलायची नाही, मोबाईल त्या खोलीत आणायचा नाही. तो शोधत शोधत कानाने समेवर आला की तुम्हाला तुमच्याच पट्ट्यांवर कळेल. त्या वेळी वर बघा. तेवढंच करा, शाबासकीचं भाषण नको.

नागपूरच्या हवेचंही सांगते, कारण तुम्ही कूलरच्या खोलीत त्याला बसवत असाल तर तिथेही घोटाळा आहे. कोरड्या उन्हाळ्यात तबल्याचा सूर चढतो, आणि कूलरची ओलसर हवा लागली की तासाभरात उतरतो. पावसाळ्यात तर पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडतेच. बिचारं पोर हातोडी घेऊन पुडीच्या कडेचा गजरा ठोकत बसतं आणि घरच्यांना वाटतं, टाळाटाळ करतोय. कूलरच्या झोतापासून दूर बसवा, आणि सूर लावायचं काम पूर्णपणे त्याच्यावर सोडा. तुमची जुनी पेटी मोबाईलच्या सुराशी तंतोतंत जुळेलच असं नाही, त्यामुळे त्याला तबला पेटीला लावून घ्यावा लागेल. तुम्ही सा धरून ठेवायचा, त्याने चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, ऐकत ऐकत गजऱ्याचं एकेक घर जुळवायचं. कानाचा याहून चांगला रियाज मला माहीत नाही.

आपल्या गावाला हे काही परकं नाही. सिव्हिल लाइन्सच्या ज्या सभागृहाला वसंतराव देशपांड्यांचं नाव आहे, ते वसंतराव इथेच शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. गायक म्हणून जग त्यांना ओळखतं, पण तबल्यावरही त्यांचा हात चालायचा. गाणाऱ्याला ठेका यायचा, ठेका धरणारा पेटीवर बसायचा, कोणी कोणालाही साथ करायचा. आपण मात्र मुलांना एकेका वाद्याच्या एकेका क्लासला घालतो, त्याच वाद्याच्या परीक्षांना बसवतो आणि दुसऱ्या माणसासमोर वाजवायची वेळ थेट परीक्षकापुढे आणतो.

परीक्षांवर माझा राग नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हापासून अभ्यासक्रम, पायऱ्या, परीक्षा या रचनेने सामान्य घरातल्या मुलांना शास्त्रीय संगीताचं दार उघडून दिलं. नाहीतर ते मोजक्या घराण्यांतच राहिलं असतं. पण गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. ती कुठे पळून जात नाही. नोव्हेंबरचा फॉर्म भरू नका. मुलाला तसं आजच सांगा, "तुझ्यावर सोडलंय" असं अर्धवट नको, "या वर्षी परीक्षा नाही" असं स्पष्ट. दहावी अजून तीन वर्षं लांब आहे. वाढीव गुणांची काळजी तोवर बाजूला ठेवा. तबला हातात राहिला तर ते गुण मिळवायला वेळ आहे, आणि राहिला नाही तर त्या गुणांचं घेऊन करायचं काय?

सर बदलू नका. हे सर चांगले आहेत की नाहीत, हे तुमच्या पत्रावरून ठरवता येत नाही, पण या वेळी नवीन माणसासमोर पहिल्यापासून बसायला लावणं म्हणजे त्याला पुन्हा परीक्षेला बसवणंच आहे. फक्त त्यांना जाऊन सांगा की घरी ॲप बंद केलंय, तुम्हीही क्लासमध्ये मुलांना आळीपाळीने एकमेकांसाठी लेहरा वाजवू द्या, टाळी-खाली हातावर देऊन दुसऱ्याचा कायदा ऐकू द्या. बरेच सर हे आनंदाने करतात, कोणी पालक मागतच नाही म्हणून राहून जातं.

वाद्यवृंदाचं मी थोडं वेगळं सांगेन. तिथे ढोलकीला त्याचं नाव बाईंनी घेतलं, म्हणजे त्याचा हात त्यांना माहीत आहे. वाद्यवृंद हीच खरी त्याची जागा होणार आहे, असं मला मनापासून वाटतं. पंधरा-वीस पोरं एकत्र वाजवताना कोणी एकटं पडत नाही, आणि चुकलेला हात मागच्या टाळांत मिसळून जातो. पण आज ढकलू नका. बाईंना भेटून सांगा, पुढच्या कार्यक्रमाला त्याची जागा ठेवा, तो येईल. घरात चार-सहा आठवडे तुमच्या पेटीबरोबर ठेका धरला, तर तो स्वतःच विचारेल.

त्याच्या बाबांशी या विषयावर भांडू नका. ते सोडून दे म्हणतात, कारण घरात तबला म्हटला की रडणं आणि ओरडणंच त्यांच्या कानावर येतं. पेटी खाली काढायला स्टूल धरायला त्यांना बोलवा. जड आहे ती, तुम्हाला एकटीला उतरणार नाही.

दुरुस्तीला न्याल तेव्हा मुलालाही घेऊन जा, आणि त्याच्या दाहिन्या तबल्याचा सूर कोणत्या पट्टीत आहे ते त्यालाच कारागिराला सांगू द्या. ॲपचे पैसे दर महिन्याला कापले जात असतील, ते त्याआधीच बंद करा. हे सगळं याच आठवड्यात.