‘सगळं ओरिजिनल’ म्हणून घेतलेली 1974ची गिटार

प्रश्न: मी पुण्यात आयटीत नोकरी करतो, शनिवार-रविवारी हौसेने बँडमध्ये वाजवतो. दोन महिन्यांपूर्वी मुंबईतल्या जुनी वाद्यं विकणाऱ्या एका दुकानदाराकडून 1974ची काळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर 3,80,000 रुपयांना घेतली. ‘रंग, पिकअप, वायरिंग सगळं कंपनीचं’ असं त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं. परवा कारागिराने नेक (गिटारची मान) उतरवली, तर काळ्या रंगाखाली सनबर्स्ट (कडेला गडद, मध्ये फिका रंग) निघाला, म्हणजे काळा रंग नंतरचा. एक पॉटही (आवाज-टोनच्या बटणाखालचा विद्युत भाग) नंतरचा आहे. त्याच्या मते गिटार फार तर सव्वादोन लाखांची. दुकानदार बिलावरच्या ‘जशी आहे तशी’ या शब्दांकडे बोट दाखवतात. सगळे पैसे परत मिळतील का? पोलिसांत जाऊ का?

उत्तर: आधी कारागिराला फोन करा आणि हात थांबवायला सांगा. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) घासायचे नाहीत, पॉट बदलायचा नाही, एकही जोड नव्याने डाखायचा नाही. समोरचा वकील पहिल्यांदा हेच विचारणार की हे बदल तुमच्याच कारागिराने कशावरून केले नाहीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पॉटच्या पाठीवर 1377912 दिसतंय. 137 हा सीटीएस कंपनीचा क्रमांक, 79 साल, 12 आठवडा. (मला गिटारचा एक सूर लागत नाही, पण अशिलांमुळे एवढं वाचता येतं.) उरलेले दोन्ही पॉट 1974चे आहेत, तेव्हा साल खोटं म्हणायला आधार नाही. भांडण ‘सगळं कंपनीचं’ या शब्दांवर आहे.

आणि ते शब्द पुरेसे आहेत. जुन्या मालात खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत, हा नियम खरा. पण वस्तू विक्री अधिनियम, 1930च्या कलम 15 प्रमाणे वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा. जुन्या गिटारचा भाव मूळ रंगावरच ठरतो, त्यामुळे रंग हा वर्णनाचाच भाग, असं मी मांडेन. नेक उतरवल्याशिवाय दिसणार नाही ती गोष्ट दुकानात तपासली नाही, हा तुमचा हलगर्जीपणा ठरत नाही. ‘जशी आहे तशी’ पैसे दिल्यानंतर हातात पडलेल्या बिलावर आलं असेल, तर सौद्याच्या वेळी ती अट नव्हतीच. आधी सांगितली असेल, तरी जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला तिचं पांघरूण घालता येत नाही.

पूर्ण परतावा मात्र अवघड आहे. दोन महिने तुम्ही गिटार वाजवलीत. त्याच अधिनियमाच्या कलम 42 आणि 13 प्रमाणे माल स्वीकारला असं ठरलं, की परत करण्याचा हक्क जातो आणि भरपाई उरते. दुकानदाराला रंगाचं ठाऊक होतं हे सिद्ध झालं, तर करार कायदा, 1872च्या कलम 19 खाली सौदाच रद्द करून मागता येतो. म्हणून दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीत आधी परतावा मागा, पर्यायी मागणी किमतीतल्या फरकाची ठेवा. तोवर गिटार पेटीतच राहू द्या.

फरक किती, इथे खरी कसोटी आहे. एकाच कारागिराचं तोंडी मत चालणार नाही. या सौद्याशी संबंध नसलेल्या दोघांकडून तारखेसह लेखी मूल्यांकन घ्या. रंग बदलला की भाव निम्म्यावर धरायचा, असा या व्यापारातला ठोकताळा आहे, पण तो ठोकताळाच. त्यामानाने पॉट किरकोळ. परदेशी जाहिरातींतले आकडे जोडू नका, ती मागितलेली किंमत असते. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या गिटारींचे भाव दाखवा, आणि आयात शुल्क धरलंय की नाही ते लिहा. तुमचा आकडा सध्या 1,55,000 येतो.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. बँडचं मानधन मिळतं म्हणून ‘व्यावसायिक वापर, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येईल. पोट नोकरीवर चालतं हे दाखवायला पगाराची स्लिप जोडा. चॅट पुसू नका, फोन विकू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र जोडा.

पोलिसांत इतक्यात नको. फसवणुकीसाठी (भारतीय न्याय संहिता, कलम 318) सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, आणि दुकानदारालाही कुणीतरी तीच गिटार ‘सगळं ओरिजिनल’ म्हणून विकलेली असू शकते. त्यांनी ती कुणाकडून घेतली, त्याचं बिल नोटिशीतच मागा.