एकाच घरात तान्हं आणि म्हातारं

पोरी, पहिलटकरीण म्हणून घाबरू नकोस. खानापूरच्या आमच्या घरात तीन बाळंतपणं मी निस्तरली आहेत.

पहिले ६ महिने अंगावरचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नको. मधाचं बोट वर्षाच्या आत नकोच. आमच्या सासूबाईंनी चाटवलं होतं, मी गप्प बसले. तू बसू नकोस. टाळू उडताना दिसते, त्याला भ्यायचं नाही, साधारण दीड वर्षात भरते. तेल थापून लवकर भरत नाही, बरं का! नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेव. रांगण्याची शेजारच्या पोराशी तुलना नको, काही मुलं न रांगताच उभी राहतात.

आणि सासऱ्यांकडेही बघ. उतारवयात तहान कमी जाणवते. आमचे मामंजी उन्हाळ्यात दुपारभर कोरडे बसायचे आणि तिन्हीसांजेला असंबद्ध बोलायचे. उशाशी तांब्या भरून ठेवला तरी हात लावत नव्हते. शेवटी नातवाच्या हातात फुलपात्र दिलं, तेव्हा गटागटा प्यायले! रात्री न्हाणीकडचा दिवा चालू ठेव, ओल्या फरशीवर गोणपाट नको, पाय अडकतो.

मधल्या वयाचं, म्हणजे तुमचं दोघांचं, काय सांगू? वेळेवर जेवा.

नाचणीची पेज मात्र एकाच पातेल्यात शिजव. सहा महिने झाल्यावर बाळाची वाटी मीठ घालायच्या आधी काढायची.