तक्रार ‘निकाली’, चेंबर मात्र भरलेलेच : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरचे मलनिःसारणाचे चेंबर सारखे तुंबते. महापालिकेच्या ॲपवर तक्रार नोंदवली की दोन दिवसांत ‘निकाली’ असा संदेश येतो आणि पंधरवड्यात घाण पाणी पुन्हा रस्त्यावर. असेच चालू द्यायचे का? – सोसायटीचे सचिव, ऐरोली

आधी चोकअप नेमका कोणाच्या हद्दीत आहे ते ठरवा. प्लंबरला सांगून सोसायटीचे शेवटचे चेंबर आणि रस्त्यावरचे चेंबर एकाच वेळी उघडून पाहा. सोसायटीचे भरलेले आणि रस्त्यावरचे वाहते असेल, तर अडथळा मधल्या जोडणीत आहे आणि ती साफ करणे सोसायटीचे काम. दोन्ही भरलेली असतील तर पाणी ज्या दिशेने जाते तिकडचे पुढचे चेंबर पाहा, मग त्याच्या पुढचे. जिथे पहिले वाहते चेंबर सापडेल, त्याच्या अलीकडच्या टप्प्यात चोकअप आहे. झाकणे फक्त वरून पाहायची. माणूस आत उतरवायचा नाही. आत विषारी वायू साठलेले असतात आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा आहे.

आता ‘निकाली’चे कोडे. जेटिंगची गाडी येते, दाबाच्या पाण्याने गाळाला भोक पाडते, पातळी उतरते. कर्मचाऱ्याच्या लेखी काम झाले आणि तेवढ्यापुरते ते झालेलेही असते. पण गाळ वाहिनीतच राहतो, फक्त पुढे ढकलला जातो. जेटिंग चालू असताना खालच्या चेंबरवर गाळ ओढणारी सक्शन गाडी उभी असेल तरच तो बाहेर येतो. म्हणून तक्रारीत ‘चेंबर साफ करावे’ असे लिहू नका. ‘अमुक ते तमुक चेंबरदरम्यान जेटिंग करून खालच्या चेंबरमधून गाळ काढावा’ असे लिहा. जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक द्या.

एकच टप्पा तिसऱ्यांदा तुंबला, तर ॲप बाजूला ठेवा. वाहिनी खचून मध्ये झोळ पडला असेल, झाडाची मुळे शिरली असतील, जवळच्या खानावळीचे तेल थिजून चिकटले असेल किंवा गच्चीवरचे पावसाळी पाणी कोणी मलवाहिनीत सोडले असेल. यातले काहीच नुसत्या जेटिंगने कायमचे जात नाही. मलनिःसारणाच्या कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या, मागच्या सगळ्या तक्रारींचे क्रमांक आणि तारखा एका कागदावर जोडा, आणि त्या टप्प्याची कॅमेऱ्याने तपासणी मागा. वाहिनी बदलण्याचे प्राकलन (खर्चाचा अंदाज) करायला अभियंत्यालाही असाच आधार लागतो. सुट्या तक्रारींवर तो वरिष्ठांकडे पैसे मागू शकत नाही. पत्राआधी आपल्याच गच्चीचे पाइप कुठे जोडलेत ते तपासून घ्या, कारण पाहणीत पहिला प्रश्न तोच येतो.

एका तक्रारीत एकच विषय लिहा. चेंबरसोबत बंद दिवा आणि भटकी कुत्री घातली की तक्रार एका विभागाकडे जाते, तो आपल्यापुरते उत्तर देतो आणि बाकीच्या दोन गोष्टींसह ती बंद होते.

प्रश्न : केबलसाठी रस्ता खोदला, माती लोटून वर डांबर टाकले आणि पहिल्या पावसात चर खचला. पालिका म्हणते, रस्ता आमचा नाही. – घोडबंदर रोड परिसर, ठाणे

घोडबंदर पट्ट्यात हा प्रश्न नेहमीचाच. मेट्रोचे काम एमएमआरडीएचे, आतले रस्ते महापालिकेचे, मुख्य रस्त्याशी एकाहून अधिक यंत्रणांचा संबंध. नवी मुंबईतही सिडको, एमआयडीसी आणि महापालिका यांच्या हद्दी अशाच एकमेकींना खेटून आहेत. पण रस्त्याचा मालक आणि खोदणारा हे दोन वेगळे पक्ष आहेत, हे विसरू नका. खोदणाऱ्याला मालक यंत्रणेची परवानगी लागते. त्या परवानगीत चराची लांबी-रुंदी, मुदत आणि रस्ता पूर्ववत कोणी करायचा हे लिहिलेले असते. तो कागद मिळाला की ‘आमचा नाही’ हे उत्तर संपते.

परवानगीची प्रत तोंडी मागून मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. लांबलचक अर्ज याच कारणाने परत येतात. ‘रस्त्याची दुरवस्था का?’ असले प्रश्न विचारू नका, कारण कायद्याने कागद मिळतो, कारणमीमांसा मिळत नाही. खोदकाम परवानगी, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) आणि मोजमाप पुस्तकातील (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीतील) त्या कामाची पाने, एवढेच मागा. कागद प्रत्यक्ष बसून पाहण्याचा आणि कामाची पाहणी करण्याचाही हक्क याच कायद्यात आहे.

चर खचतो तो भरण्याच्या पद्धतीमुळे. साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा थर टाकायचा, पाणी मारायचे, यंत्राने दाबायचा, मग पुढचा थर. त्यावर खडीचे थर आणि शेवटी डांबर. प्रत्यक्षात उकरलेली माती एकदम लोटली जाते आणि वरून ट्रक फिरवला जातो. वरचा भाग घट्ट होतो, तळ पोकळ राहतो आणि पावसाचे पाणी शिरले की सगळे बसते. खचलेल्या चरावर नुसते डांबर ओतून घेऊ नका. चर उकरून पुन्हा थराथराने भरण्याची मागणी करा. दोष दायित्व कालावधी (कामातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असण्याची मुदत) अजून संपला नसेल तर ही दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, म्हणून पत्रात त्या कालावधीची तारीख घाला.

प्रश्न : मालमत्ता कराच्या बिलावर नाव बदलण्याचा अर्ज दिला. दर वेळी ‘साहेब रजेवर’. – कळवा

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. अधिसूचित सेवांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढून ठेवा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे वरच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारणाशिवाय सेवा अडवल्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हे सगळे पोच असेल तरच. अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचे पत्र आणि आधीचा कर भरल्याची पावती यांतले एखादे नसले की अर्ज नुसताच पडून राहतो, म्हणून त्रुटी लेखी मागा.

प्रश्न : मी प्रभाग कार्यालयात कनिष्ठ अभियंता आहे. चार नगरसेवक, चौघांचे चार प्राधान्यक्रम. नागरिकांचे फोन वेगळे. कोणाचे आधी करू? – ठाणे

तुमची अडचण खरी आहे आणि ती तुमच्या एकट्याची नाही. नवी मुंबईत २०२० आणि ठाण्यात २०२२ पासून प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर सभागृह परत आले. या मधल्या काळात फोन कोणी कोणाला करायचा याची सवयच मोडली.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. धोरण आणि पैसा महासभा व स्थायी समितीकडे. एकटा नगरसेवक कर्मचाऱ्याला आदेश देऊ शकत नाही. मात्र लोक दारात जातात ते त्याच्याच, म्हणून त्याची माहिती मोलाची असते. ही मर्यादा तोंडावर सुनावून काम होत नाही, पद्धत घालून घेतल्याने होते.

आठवड्यातला एक दिवस आणि वेळ संयुक्त पाहणीसाठी ठरवा आणि चौघांनाही एकच निमंत्रण पाठवा. पाणीपुरवठा, मलनिःसारण, बांधकाम आणि घनकचरा यांचा एकेक माणूस सोबत हवाच, नाहीतर प्रत्येक खड्ड्यापाशी ‘ते दुसऱ्या खात्याचे’ ऐकावे लागते. परतल्यावर त्याच दिवशी एका पानाचे इतिवृत्त करा: जागा, काम, जबाबदार व्यक्ती, तारीख. पैसा किंवा हद्दीमुळे जे होणार नाही तेही कारणासह लिहा. आम्हाला यातला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘बघतो’ म्हटल्याने आजचा फोन संपतो, पण माणूस महिनाभर आशेवर राहतो आणि मग तुमच्यावरचा विश्वास उडतो. ‘या लेखाशीर्षात (खर्चाच्या खात्यात) शिल्लक नाही, पुढच्या अंदाजपत्रकात प्रस्ताव पाठवला आहे’ हे उत्तर कटू असले तरी माणसाला पुढचा मार्ग दाखवते.

प्राधान्य ठरवायला निकष सगळ्यांसमोर मांडा: जिवाला धोका आधी (उघडे चेंबर, लोंबती वायर), मग आरोग्य (पिण्याच्या पाण्यात गढूळपणा), मग दळणवळण, शेवटी सुशोभीकरण. तोंडी सूचना आली तर लगेच संदेशाने ‘आपण सांगितल्याप्रमाणे अमुक ठिकाणी पाहणी करतो’ असे कळवा. नोंदही राहते, समोरच्याचा मानही राहतो. आणि वरिष्ठांना हे पान दर आठवड्याला द्या, म्हणजे दबाव एकट्यावर येत नाही.

प्रश्न : सेक्टरमधल्या बागेत दिवे आणि चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प (उतार) हवा आहे. दर वर्षी ‘निधी नाही’. – ज्येष्ठ नागरिक, नेरूळ

बहुधा तुम्ही उशिरा मागता आहात. अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडले जाते, आणि विभागांच्या मागण्या त्याच्या बऱ्याच आधी, दिवाळीच्या सुमारास जमा होतात. मार्चमध्ये दिलेला अर्ज पुढच्या वर्षाच्याही रांगेत बसत नाही. पाऊस सरला की उद्यान विभाग आणि विद्युत विभाग यांना वेगवेगळे अर्ज द्या, नगरसेवकांना प्रती द्या. अर्जात बागेचा सेक्टर, किती खांब हवेत, रॅम्पची जागा आणि साधारण मापे लिहा. चाकाची खुर्ची चढायची तर १ फूट उंचीला किमान १२ फूट लांबी लागते. जागा तेवढी आहे का ते टेपने मोजून घ्या. त्यानंतर प्राकलन, प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश या क्रमाने फाइल जाते. विचारपूस करताना ‘काम कुठवर आले?’ ऐवजी ‘तांत्रिक मंजुरी झाली का, फाइल कोणत्या टेबलावर आहे?’ असे विचारा. लिपिकाला नेमके उत्तर द्यावे लागते.