तबल्यात पीएचडी करायची आहे. ऑडिशन कशी असते, काय वाजवायचं?

तुम्ही विचारलंय की नागपुरातून तबल्यात एमए झालंय, आता 'परफॉर्मन्स'मध्ये पीएचडी करायची आहे, तर ऑडिशनला पेशकारापासून (सोलोची संथ सुरुवात) सुरुवात करू की थेट कायद्याला (ठरलेल्या बोलांची, विस्तार करत न्यायची रचना) हात घालू, आणि वेळ किती मिळतो. आधी वाईट बातमी घ्या. आपल्याकडे बहुतेक विद्यापीठांत पीएचडीला ऑडिशन नसतेच. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, नसेल तर २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांना ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०, आणि ते गुण चालतात एकच वर्ष. काही विद्यापीठं स्वतःची परीक्षाही घेतात, ते त्यांच्या त्यांच्या जाहिरातीत बघा. पण नेट म्हणजे सगळे पर्यायी प्रश्न. म्हणजे शंभरातले सत्तर गुण तबल्याला बोट न लावता मिळतात किंवा जातात. राहिलेल्या तिसात तुमचा हात कोणी ऐकला तर ऐकला.

माझा ऐकवायचा ठरवूनच मी गेलो होतो. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही अशा मुलखात आहे एवढं पुरे. मे महिना, दुपारची वेळ. लेहऱ्याला, म्हणजे तबल्यामागे सतत फिरणारी धून धरायला, भाच्याला नेलं होतं, हार्मोनियमसकट. तो फाटकावरच अडला. "उमेदवार एकच ना? मग पेटीवाला कशाला?" आत पाच जण बसलेले, चार गायनातले आणि एक सतारीचे. तबल्याचा एकही नाही. तबल्याच्या विषयाला तबल्याचा माणूस नाही, हे कोणालाच खटकलं नव्हतं.

जोडी खाली ठेवली आणि पाहिलं तर कूलरचं तोंड नेमकं माझ्याकडे. ज्याने नागपूरचा उन्हाळा तबल्यासोबत काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. बाहेरच्या कोरड्या उन्हात पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ताणली जाते, सूर चढतो. रिक्षातून उतरलो तेव्हा माझा दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, काळी एक या पट्टीच्या वर गेला होता, तो मी व्हरांड्यात बसून गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून खाली आणला. आता खसाच्या ताट्यांतून आलेली ओली हवा लागल्याबरोबर तीच पुडी सैल पडायला लागली. चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, 'ना' मारावा तर पहिल्याला एक सूर, चौथ्याला दुसरा.

अध्यक्ष म्हणाले, "वाजवायची गरज नाही, गृहीतक सांगा."

मी म्हटलं, माझं गृहीतक वाजवल्याशिवाय सांगता येत नाही. हा काही आगाऊपणा नव्हता. माझा विषय होता अजराडा घराण्यातलं डग्ग्याचं, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याचं, काम. मेरठजवळच्या अजराडा गावातलं हे घराणं दिल्लीतूनच फुटलं, पण आडीचे (दीडपट लयीचे) कायदे आणि डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, ही त्याची खास ओळख. याच घराण्याच्या हबीबुद्दीन खाँसाहेबांचं रेकॉर्डिंग ऐकलं असेल तर कळेल मी काय म्हणतोय ते. भातखंडे लेखनपद्धतीत असो की पलुसकर पद्धतीत, कायदा कागदावर उतरवला की सम येते, 'खाली' (काल) येते, मात्रा येतात. मनगट किती दाबलं आणि कुठवर सरकलं ते येत नाही. साधा 'घे' आणि मींडेचा 'घे' कागदावर एकच. माझा सगळा प्रबंध या एका फटीवर उभा होता, आणि ही फट ऐकवावी लागते.

"बरं, मोबाइलवर लेहरा लावा." लावला, चंद्रकंसचा. तोवर दायां अर्धा सूर उतरलेला. मी म्हटलं, आधी कूलर बंद करावा लागेल.

मे महिन्यात, बंद खोलीत, पाच प्राध्यापकांना. एकजण हसले. सतारवाले सर मात्र उठून खरंच बटणापाशी गेले, त्यांना तारांचा अनुभव असणार. अध्यक्ष म्हणाले, "ॲपचा सूर खाली घ्या ना, त्यात काय?" मी म्हटलं, "सर, तबल्याचा सूर मिनिटामिनिटाला उतरतोय. किती वेळा खाली घेऊ?" कूलर बंद झाला. घाम पुसत पुसत मी जोडी लावली आणि एकच कायदा वाजवला. आधी सपाट, मग मींडेसकट, आणि म्हटलं, या दोन्हीचं लेखन करून दाखवा. खडू पुढे केला तो कोणी घेतला नाही. प्रवेश मिळाला. यादीत नाव वर नव्हतं, आणि ते का नव्हतं याचा मला अंदाज आहे.

हे इतकं लांबण लावायचं कारण माझे गुरुबंधू. आम्ही त्यांना दादा म्हणतो. नागपुरात महाल भागात राहतात, हात असा की अजूनही ऐकत बसावं. मी नोंदणी केली त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद: "काऊन बे, तबला वाजवून राहिला का पेपर लिहून राहिला? थिरकवाँ साहेबांकडे कोणती डिग्री होती?" नव्हती ना. अहमदजान थिरकवाँ बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वाजवत होते आणि पुढे लखनौला भातखंड्यांच्या कॉलेजात शिकवलंही. पण दादा, तेव्हा खुर्चीत बसणारे लोक हात ऐकून माणूस घेत होते. आज वाजवणाऱ्यांनी 'आपल्याला काय करायचंय कागद' म्हणून पाठ फिरवली, म्हणून त्या खुर्च्यांत जोडी न लावता येणारे बसलेत आणि तबल्याच्या पोरांना गृहीतक विचारतायत. बाहेर उभं राहून नाकं मुरडून हे बदलत नाही. दादा हे वाचणार नाहीत, त्यांची सून वाचते. तिने सांगावं.

तर तुम्ही काय करायचं? वाजवायला सांगितलं नाही तरी जोडी घेऊन जा, आणि विषय असा घ्या की वाजवल्याशिवाय तो मांडताच येणार नाही. 'अमुक घराण्याचे योगदान: एक अभ्यास' असले विषय शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर ढिगाने पडलेत, एकदा चाळून बघाच. तुमच्या रोजच्या रियाजात जिथे हात अडतो किंवा दोन गुरू दोन गोष्टी सांगतात, तिथे विषय असतो. पेशकार की कायदा, याचं उत्तर विषयावरच अवलंबून आहे. मात्र पूर्ण सोलोची तयारी करून जाऊ नका, तेवढं कोणी ऐकत नाही. एक गोष्ट, दोन प्रकारे, पाच मिनिटांत. आणि अर्जाआधी मार्गदर्शकाला जाऊन भेटा. त्यांच्याकडे जागा रिकामी नसेल तर बाकी सगळं फुकट.

खरोखरची ऑडिशन हवी असेल तर ती परदेशात. अमेरिकेतली डीएमए ही वादकांची डॉक्टरेट. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, त्यातून निवडलेल्यांना प्रत्यक्ष बोलावतात, पुढे पदवीसाठी मैफली वाजवाव्या लागतात आणि लेखी कामही असतं. पण तो सगळा साचा मुख्यतः पाश्चात्त्य वाद्यांचा. कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स या कलासंस्थेत तबलावादक स्वपन चौधुरींनी कित्येक वर्षं तबला शिकवला, पण तिथली डीएमए परफॉर्मर-कंपोझरची आहे, म्हणजे स्वतःची रचना लागणार. जवळचं बघायचं तर छत्तीसगडमधलं खैरागड आहे, १९५६ पासून फक्त कलांचंच विद्यापीठ. आपल्या हावडा लाइनवर डोंगरगड किंवा राजनांदगावला उतरायचं. तिथे निदान 'लेहरा म्हणजे काय' हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता दादांच्या बाजूने थोडं, नाहीतर त्यांची सून रागवेल. फक्त नोकरीसाठी करत असाल तर जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) पुरे. शिवाय नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणीच्या 'ए' ग्रेड कलाकाराला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत वेगळी वाट ठेवलेली आहे, ती फारसं कोणी सांगत नाही. आणि फक्त मंचावर वाजवायचं असेल तर हे काहीच करू नका. गवई संगतीला बोलावताना तुमचा प्रबंध मागत नाही. पीएचडीला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यात १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, सहामाही अहवाल, टायपिंग. या काळात हात थोडा मागे पडतोच, माझाही पडला, आणि दादांच्या ते पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं.

मार्गदर्शकांची यादी हवी असेल तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विषयवार असते. त्यात संगीताखाली तबल्याचे किती आणि गायनाचे किती, हे आधी मोजा आणि मगच अर्जाची फी भरा.